सरांच्या पायावर पाय

आमच्या सरांच्या पाया पडायची सोय नव्हती. कुणी वाकलं रे वाकलं की ते मागे उडी मारत. पोट सुटलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण उडी अशी की वाकणाऱ्याचा हात नुसत्या फरशीवर टेकायचा आणि सर पलीकडे कपाटाला टेकून उभे असायचे. शिक्षकदिनाला, निकालाच्या दिवशी, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या जुन्या पोरांशी, सगळ्यांशी त्यांचा हा खेळ चालायचा. आमच्या मानवत गावात त्यांना कुणी तऱ्हेवाईक म्हणायचं, कुणी घमेंडी. एका मुख्याध्यापकांनी तर त्यांना तोंडावर विचारलं होतं म्हणे, की तुम्हाला पोरांचा नमस्कार का चालत नाही. त्यावर सर म्हणाले होते, "वाकलेली पोरं मला रोजच बघायला भेटत्यात. ताठ उभी असलेली दाखवा."

आणि हेच सर मैदानावर आम्हाला स्वतःच्या पायावर पाय द्यायला लावायचे. आम्हाला म्हणजे खरं तर मला. त्यांची आठवण निघाली की बाकीच्या पोरी हसतात, किस्से सांगतात. माझ्या मात्र आधी कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि मग किस्से आठवतात.

सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांचे वडील हेडी होते, बाजारात बैलांची पारख करून सौदे जमवणारे. सरांचं लहानपण बैलबाजारात गेलेलं. बैलाचा खूर, खांदा, चाल, डोळा बघून त्याची किंमत सांगायची, हे ते वडिलांच्या मागे फिरून शिकले, आणि पुढे शिक्षणशास्त्रातली पदवी घेतली तरी त्यांचा डोळा काही बदलला नाही. समोर जे येईल त्याची ते पारख करत. एसटीच्या ड्रायव्हरची करत, हॉटेलातल्या भजीची करत, शाळा तपासायला आलेल्या साहेबाचीही करत, आणि केलेली पारख पोटात ठेवायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला त्यांना सोबत नेलं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, सर तिच्या पायांकडे बघत होते, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा जोर डाव्या पायावर हाय. उजवा गुडघा कवा दुखावला?" मुलीची आई रडत आत गेली. मुलगी मात्र तिथेच उभी राहून म्हणाली की लहानपणी झाडावरून पडले होते. सर खूश झाले. म्हणाले, पोरगी लय चांगली, गुडघा तेवढा डाक्टरला दाखवा. ते लग्न जमलं, पण त्यानंतर सरांना मुलगी बघायला कुणीही नेलं नाही.

बास्केटबॉल ते स्वतः फारसे खेळलेले नव्हते. आमच्या शाळेच्या मागे, जिनिंगच्या भिंतीला लागून, कुणीतरी कधीतरी सिमेंटचं मैदान करून दोन रिंगा उभ्या केल्या होत्या. सरांनी नियमांचं पुस्तक आणलं, वाचलं आणि सुरुवात केली. कापसाच्या हंगामात जिनिंगमधून कापूस उडून मैदानावर यायचा आणि त्याच्यावरून पाय घसरायचे, म्हणून खेळायच्या आधी सगळ्यांनी मैदान झाडायचं. सरही झाडायचे. शिट्टी ते वापरत नसत. बैलाला वळवताना जीभ टाळ्याला लावून जो आवाज काढतात तो काढायचे, आणि आम्ही पोरी त्या आवाजावर वळायचो. बाहेरगावी मॅचला गेलं की इतर शाळांच्या पोरी आमच्याकडे बघून तो आवाज काढायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या.

त्यांनी माझी पहिली पारख केली ती प्रार्थनेच्या वेळी.

मी आठवीत होते. आमची मेंढरं होती, वस्ती गावाबाहेर. वर्गातल्या पोरांपेक्षा, दोन-तीन शिक्षकांपेक्षाही मी उंच होते, आणि अंगावर मांस म्हणून नव्हतं. पोरी शिडी म्हणायच्या. वर्गाचा फोटो काढायचा असला की मला खाली मांडी घालून बसवायचे, बसून पण मी वर यायचे. लग्नकार्यात बायका आईला विचारायच्या, अगं हिच्या मापाचा नवरा कुठून आणायचा. मी अंग चोरायला शिकले होते. गुडघ्यात थोडं वाकायचं, खांदे पुढे घ्यायचे, मान छातीत घालायची. त्यानं उंची फार कमी व्हायची नाही, पण मला बरं वाटायचं.

त्या दिवशी सर हात पाठीमागे बांधून माझ्याभोवती फिरले. पोरींना ते कधी हात लावत नसत, नुसते फिरत. सगळी शाळा रांगेत उभी, प्रार्थना नुकती संपलेली. सर मोठ्यानं म्हणाले, "वाळकी हाय. पन हाड लांब हाय, खांदा सरळ हाय, कंबर खाली बसती. ही फॉरवर्ड होईल. फकस्त शरम लय हाय अंगात. ती काढावी लागंल." पोरं फिदीफिदी हसली. तिथल्या तिथे मरून जावं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलेच नाही.

मग सर लुनावरून आमच्या वस्तीवर आले. मी आत, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीमागे. बाहेर आबांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, ते बोलत होते. आबांना बास्केटबॉल काय ते माहीत नव्हतं. सर सांगत होते की मोठ्या शहरात खेळाडू मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, तिथे शाळा, जेवण, खेळ सगळं होतं, आणि परभणीला निवड होते. आबा हं हं करत होते. पोरीला इतक्या लांब कशाला धाडायचं, असं त्यांच्या मनात होतं, ते त्यांच्या शब्दांवरून नाही पण त्यांच्या हं वरून मला कळत होतं. मग सर म्हणाले, "तितं हिच्याएवढ्याच पोरी असत्यात, मामा. काही तर हिच्याहून उंच."

मी जाळीतून बाहेर आले. शरमेनं मान खाली, पण विचारलं, "माझ्याहून उंच? खरंच?"

"तुला मान वर करून बघावं लागंल त्यांच्याकडं," सर म्हणाले.

बस. मला दुसरं काही नको होतं. खेळ नको, कप नको, नाव नको. मी जिथे सगळ्यांत उंच नसेन अशी एक जागा जगात आहे, आणि तिथे जायचं तर परभणीच्या निवडीत पास व्हावं लागतं, एवढंच मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

रिंगजवळ पाठ करून उभं राहायचं, मागची पोरगी अंगावर रेटत असते, चेंडू हातात येतो, आणि मागे न बघता कोणत्या अंगाला वळायचं ते ठरवायचं. याला पोस्ट म्हणतात. सरांनी त्यासाठी एका पोत्यात जिनिंगमधला कचरा-कापूस ठासून भरला होता. एक पोरगी ते पोतं पुढे धरून पाठीला रेटायची आणि दुसरीनं वळून टाकायचं. बाकीच्या पोरी चुकीच्या बाजूला वळायच्या, पोत्यावर आपटायच्या. मला ते जमलं, आणि का जमलं तेही मला ठाऊक होतं. वाघरीत मेंढरं कोंडताना मी कायम त्यांच्यात उभी असायचे, मांडीला, कमरेला त्यांचा रेटा लागायचा. कोणत्या बाजूनं मेंढरं फुटणार ते रेट्यावरून कळतं, बघावं लागत नाही. मी पोत्याचा रेटा घ्यायचे आणि मोकळ्या बाजूनं वळून डाव्या हातानं चेंडू वर सोडायचे. सरांनी जीभ वाजवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या पाठीला डोळे हायेत." मला शरम वाटली, पण ती जरा गोड होती.

घोडं अडलं ते डिफेन्सला. दुसरीला अडवायचं म्हणजे तिच्या पावलाला पाऊल लावून सरकत राहायचं, आणि असं सरकताना पायावर पाय पडतोच. माझा पाय पडला की मी थांबायचे, वाकायचे, त्या पोरीला हात लावून तो कपाळाला लावायचे. तोवर ती चेंडू घेऊन रिंगखाली पोचलेली असायची.

हे मी मुद्दाम करत नव्हते. आमच्या घरात पाय कशालाही लागला तरी नमस्कार करायचा, एवढं कडक होतं. माणसाला, दाण्याला, केरसुणीला, वहीला. अंधारात कोकराला पाय लागला तरी आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून तो कपाळाला लावत. माझा हात माझ्याआधी जायचा. सरांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, मैदानाभोवती पळवून पाहिलं. हात जायचाच. इतर पोरी तर मजा म्हणून माझ्या पायाखाली पाय घालायच्या.

मग एके दिवशी सरांनी चपला काढून मैदानाच्या कडेला ठेवल्या आणि ते अनवाणी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, आता मला अडव. मी सरकू लागले. सरांनी आपला पाय माझ्या बुटाखाली घातला. मी शहारले. हात खाली जायला लागला तशी सरांनी जीभ वाजवली.

"हात कुठं चालला?"

"सर, पाय लागला."

"लागू दे. पुन्हा दे."

गुरूच्या पायावर बूट ठेवायचा आणि हात जोडायचे नाहीत. ज्यांच्या पाया पडायचीही सोय नाही, त्यांच्या पायावर. मी रडले. सर ढिम्म. रोज संध्याकाळी अनवाणी उभे राहायचे, रोज पाय पुढे करायचे, आणि मी डोळ्यांत पाणी घेऊन त्यावर बूट द्यायचे. हात मी कसाबसा वर धरून ठेवायचे. पण खेळ संपला आणि सगळ्या पोरी दप्तरं उचलायला गेल्या की मी हळूच कडेला ठेवलेल्या सरांच्या चपलांपाशी जायचे, बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचे, आणि चपलांना हात लावून तो कपाळाला लावायचे. दिवसभराचं तेवढ्यात भागवायचे.

हे त्यांना कधी कळलं कोण जाणे. एके दिवशी मी नाडी बांधायला गेले तर कडेला चपलाच नव्हत्या. सर घरूनच अनवाणी आले होते. त्यानंतर ते मैदानावर कायम अनवाणी यायचे. भर बाजारातून, उन्हातून, खडीवरून. लोक म्हणाले, सरांनी कसला तरी नवस केला असेल. मला खरं कारण माहीत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

अशातच एका संध्याकाळी आबा मेंढरं घेऊन जिनिंगच्या मागच्या पडीक रानात आले होते. मला माहीत नव्हतं. मी सरांच्या समोर, सरांचा पाय माझ्या बुटाखाली, आणि आबा तारेपलीकडे काठी घेऊन उभे. त्यांनी काय पाहिलं असेल? आपली लेक मास्तरांच्या पायावर पाय देते आणि नुसती उभी राहते. ते तार ओलांडून आले. मैदानाच्या रेघेशी त्यांनी वहाणा काढल्या, काठी खाली ठेवली आणि सरळ सरांच्या पायांवर झेप घेतली. सरांनी मागे उडी मारली. आबा पुढे सरकले. सरांनी पुन्हा उडी मारली. साऱ्या मैदानभर एक फेटेवाला धनगर गुडघ्यांवर आणि त्याच्यापुढे उड्या मारणारे सर, असं ते चाललं होतं, आणि पोरी पोट धरून हसत होत्या. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून रिंगच्या खांबाला टेकले. मला आबांची लाज वाटत होती, आणि आबांची लाज वाटते याचीही वाटत होती.

शेवटी दोघेही दमले. सरांनी आबांना सगळं समजावून सांगितलं. निवड काय असते, डिफेन्स काय असतो, हिचा हात कसा जातो. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुर्जी, तुमी म्हनता ते खरं असंल. पन पाय लागला अन् नमस्कार झाला न्हाई तर तो अंगावर ऱ्हातो. तिला करायला फुरसत न्हाई म्हनता, तर मी करतो. तिच्या वाटचा."

 सरांनी नुसती मान हलवली.

तेव्हापासून मेंढरं त्या बाजूला असली की आबा तारेपाशी उभे राहायचे. माझा पाय सरांच्या पायावर पडला की ते तिथूनच वाकायचे, मातीला हात लावून कपाळाला लावायचे. मला ते डोळ्याच्या कडेनं दिसायचं. शरमेनं अंग जळायचं, पण हात थांबायला लागला. कुणीतरी करतंय म्हटल्यावर माझा हात थोडा मोकळा झाला. आबा नसले की मात्र जायचा.

परभणीच्या निवडीला आबा नव्हते. मेंढरं येलदरी धरणाच्या अंगाला नेली होती. मी आणि सर एसटीनं गेलो. सरांच्या पायात त्या दिवशी चपला होत्या, बहुधा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, घालायला लावल्या असतील. निवड करायला बाहेरून आलेले दोघे पुरुष आणि एक मॅडम होत्या. मॅडम स्वतः मोठ्या खेळाडू होत्या, माझ्याएवढ्याच उंच, आणि खांदे मागे घेऊन चालत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. सर्व शिक्षकांना आणि पालकांना रेघेबाहेर थांबायला सांगितलं होतं. सरांनी जीभ वाजवली म्हणून त्यांना सुरुवातीलाच एकदा झापण्यात आलं होतं.

माझ्यासमोर पूर्णा गावची एक पोरगी दिली, आडव्या अंगाची, ताकदवान. आधी मी पोस्टमध्ये, ती मागे. तिचा रेटा पोत्यापेक्षा जास्त होता, पण रेटाच तो. मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले, तिला वाटेल तिथे नव्हतेच. मॅडम दुसऱ्याला म्हणाल्या, "बारीक आहे, पण पोस्ट किती छान खेळते." मला वाटलं झालं, मी पोचले तिथे.

मग बाजू बदलली. मी अडवायचं, तिनं टाकायचं. तिच्या पहिल्याच पावलाला माझा बूट तिच्या बुटावर पडला. हात गेला. ती रिंगखाली पोचली, चेंडू टाकून परत आली. मॅडमनी विचारलं, "काय करतेस तू?"

"पाय लागला, मॅडम."

ते तिघेही हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले, आणि एकानं काहीतरी लिहिलं. पूर्णेची पोरगी हुशार होती. तिला ते लगेच समजलं. पुढच्या वेळी तिनं आपणच पाय माझ्या बुटाखाली सरकवला. माझा हात पुन्हा गेला. कडेच्या पोरी हसायला लागल्या, कुणीतरी तिथून मोठ्यानं नमस्कार म्हणालं. माझे खांदे आपोआप पुढे आले, मान छातीत गेली. मी पुन्हा शाळेच्या फोटोतली झाले. मॅडम म्हणाल्या, "अजून एकदा बघू, मग दुसरी घेऊ." म्हणजे एकच संधी उरली होती, आणि माझा हात माझा नव्हता. मी सरांकडे बघितलं. सर बोलू शकत नव्हते, जीभही वाजवू शकत नव्हते. ते नुसते माझ्या हाताकडे बघत होते.

पोरगी आली. पाय पडला. हात निघाला. आणि तेवढ्यात मला डोळ्याच्या कडेनं सर दिसले. रेघेबाहेर, सगळ्या पालकांच्या, शिक्षकांच्या गर्दीत, पोट सावरत ते खाली वाकले होते. त्यांनी मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पूर्णेच्या त्या पोरीच्या दिशेनं. आयुष्यात कुणाला वाकू न दिलेला माणूस.

माझा हात वरच राहिला. चेंडू समोर आला आणि माझ्या बोटांना लागून बाहेर गेला.

त्यानंतर तिनं जितक्या वेळा पाय घातला तितक्या वेळा सर वाकले, आणि मी वाकले नाही. लोक आता सरांना हसत होते. कुणीतरी विचारलं, मास्तर, देव पावला का? कुणीतरी फोन काढून त्यांचा फोटो घेतला. सरांना धाप लागली होती, शर्ट विजारीतून सुटून वर आला होता. माझ्यावरचं हसू उठून त्यांच्यावर जाऊन बसलं, आणि त्या सगळ्या हसण्यात मी एकेक चेंडू अडवत गेले. एवढं चांगलं मी कधीच खेळले नव्हते. शेवटी मॅडम जवळ आल्या आणि विचारलं, "ते वाकतायत ते कोण?" आमचे सर, असं मी इतक्या हळू म्हणाले की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

माझी निवड झाली. परत येताना एसटीत सर खिडकीशी बसून झोपले. मी त्यांच्या पायांशी असलेल्या त्यांच्या चपलांकडे बघत मानवत येईपर्यंत जागी होते.

वसतिगृहात पहिल्या दिवशी एका खोलीचं दार उघडलं आणि आतल्या पोरीकडे मला खरंच मान वर करून बघावं लागलं. त्या क्षणाचं सुख मी अजून विसरलेले नाही. हळूहळू खांदे मागे गेले, अंग भरलं, डिफेन्स सुधारला. पुढे जिल्ह्यातच एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. सरांकडे सुरुवातीला जायचे, मग वर्षातून एकदा, मग फोन.

यंदा परभणीच्या निवडीसाठी माझं नाव आलं, निवड करणाऱ्यांत. म्हटलं, ही गोष्ट फोनवर सांगायची नाही. पेढे घेऊन मानवतला गेले. सरांच्या घराची चौकट ठेंगणी आहे. आत जाताना कपाळ धाडकन आपटलं. आतून सरांनी विचारलं, "डोकं लागलं का?"

"लागलं, सर."

"शाबास," सर म्हणाले. "आधी लागत नव्हतं."

ते खुर्चीत बसले होते, पाय लांब करून. निम्मे झाले होते. साखरेनं पार खाल्लं, काकू म्हणाल्या, आता पायांना काही कळत नाही, चटका बसला तरी समजत नाही, अनवाणी चालायचं बंद. हे ऐकून मला उगाच त्या उन्हातल्या खडीची आठवण झाली. सरांनी निवडीची बातमी ऐकली, माझ्याभोवती फिरता येत नव्हतं म्हणून मलाच त्यांच्यासमोर वळायला लावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. खूश होते. काकू म्हणाल्या, पेढे देवापुढे ठेव. देवाचा कोनाडा खुर्चीच्या मागे होता. खोली अरुंद. मी पेढ्यांचा पुडा घेऊन खुर्चीला वळसा घातला, पुडा ठेवला, हात जोडले, परत आले. आणि काकू माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे, मग सरांच्या पायाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

मी त्यांच्या पायावर पाय दिला होता. चांगला, सगळ्या वजनानं. पावलावर माझ्या टाचेचा लाल डाग उठला होता. मला तेव्हा कळलंही होतं, काहीतरी पायाखाली आलं म्हणून. मी पुढे चालत गेले होते.

"सर," मी म्हणाले, "पाय लागला."

"कुनाचा?"

"माझा. तुमच्या पायावर."

त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "मला कळलं न्हाई." मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ती जुनी, बाजारातली नजर आली. "हात गेला?"

"नाही, सर."

"मागून बी न्हाई?"

"काकूंनी बघितल्यावर आठवलं."

 सर समाधानानं म्हणाले, "मंग डिफेन्स पक्का झाला."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. प्रार्थनेच्या रांगेत नाही, आबा गुडघ्यांवर सरांमागे सरकत होते तेव्हा नाही, परभणीला नाही. मी खाली वाकले. आता ते उडी मारू शकत नव्हते, पाय होता तिथेच होता. पण त्यांनी जीभ वाजवली. तोच आवाज, थोडा पोकळ. मी थांबले.

"उभी ऱ्हा. सरळ."

मी उभी राहिले. सरांनी खुर्चीचा हात धरला आणि स्वतः वाकू लागले. धाप लागली, काकू धरायला पुढे आल्या तर त्यांना हातानंच बाजूला केलं. बोटं पावलापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. त्या लाल डागाला त्यांनी हात लावला, आणि तो हात वर आणून कपाळाला लावला.

"तुझ्या वाटचा," ते म्हणाले, आणि मागे टेकून डोळे मिटले.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी तशीच ताठ उभी राहिले, कारण सरांनी सांगितलं होतं. मान तेवढी वर होईना.